शनिवारची कॉन्सर्ट, सोबत आई आणि हातात एकच रजा

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियममधल्या शनिवार संध्याकाळच्या कॉन्सर्टची दोन तिकिटे त्यांना मिळाली आहेत आणि दोन्ही मैदानात उभे राहून ऐकण्याच्या विभागातली आहेत. बरोबर ५८ वर्षांची आई आहे. आईंचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे आणि त्यांचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात. ऑफिसातून रजा एकच मिळणार आहे आणि ती सोमवारी टाकायचे ठरले आहे. शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवारी सकाळपासून मर्लायन (सिंहाचे तोंड आणि माशाचे धड असलेला पुतळा), गार्डन्स बाय द बे आणि लिटल इंडिया पाहून संध्याकाळी कॉन्सर्टला जायचे, रविवारी दिवसभर युनिव्हर्सल स्टुडिओज आणि रात्री नाइट सफारी, सोमवारी जमल्यास मलेशियात पाय टेकवून रात्री परत, असा बेत आहे. हे सगळे बसेल का, असे त्यांनी विचारले आहे. व्हिसा अजून काढायचा आहे.

कागदावर हे सगळे बसते. मी गेली २२ वर्षे दादरला प्रवास आखून देण्याचे काम करतो आणि कागदावर न बसणारा बेत माझ्याकडे क्वचितच येतो. परंतु तुम्ही विचारलेला प्रश्न आणि तुमची खरी अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला वाटते. तुमच्या सबंध प्रवासात वेळ पक्की असलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे शनिवारची संध्याकाळ. मर्लायन रविवारीही तिथेच असणार आहे आणि पुढच्या वर्षीही असणार आहे. कॉन्सर्ट मात्र तुमच्यासाठी थांबणार नाही. त्यामुळे किती ठिकाणे पाहून होतील हा हिशेब मागाहून करावा. शनिवारी संध्याकाळी तुम्ही दोघी वेळेवर, झोप झालेल्या आणि पाय शाबूत असलेल्या अशा स्टेडियमच्या दारात कशा उभ्या राहाल, हे आधी ठरवावे. सवाई गंधर्वला जाणारा माणूस त्याच दिवशी सकाळी सिंहगड चढून येत नाही. आपल्याकडे ही अक्कल सगळ्यांना असते, विमानात बसल्यावर ती कुठे जाते कोण जाणे.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना रजेविषयी आहे. ती सोमवारची न टाकता शुक्रवारची टाका आणि गुरुवारी रात्री निघा. मुंबई ते सिंगापूर थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रात्री साडेअकराला उडालात तर तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात, आपल्याकडे मात्र पहाटेचे पाच. म्हणजे जी रात्र तुम्ही झोपेची म्हणून धरली आहे ती प्रत्यक्षात जेमतेम चार तासांची असते, तीही बसल्या जागी आणि मध्ये जेवणाचे ट्रे वाजत असताना. शुक्रवारी रात्री निघणारा माणूस ही अपुरी झोप घेऊन थेट कॉन्सर्टच्या दिवसात उतरतो. गुरुवारी निघणाऱ्याला ती झोप भरून काढायला मध्ये एक अख्खी रात्र मिळते.

दुसरे कारण झोपेपेक्षा मोठे आहे. विमानाला उशीर होतो. नेहमी होत नाही, पण होतो. आणि शनिवारी सकाळी पोहोचण्याच्या बेतात त्या उशिराला जागाच ठेवलेली नसते. २०२४ च्या जानेवारीत कोल्डप्लेने याच स्टेडियममध्ये सहा रात्री कार्यक्रम केले, तेव्हा मुंबईतून पुष्कळ लोक गेले. डोंबिवलीच्या एका जोडप्याने पैसे वाचावेत म्हणून स्वतःच दोन वेगवेगळी तिकिटे काढून, मध्ये एका शहरात विमान बदलत जाण्याचा बेत केला होता. पहिले विमान चार तास उशिरा निघाले आणि दुसरे अर्थातच थांबले नाही. तिकिटे वेगळी असल्यामुळे पुढची जबाबदारी कोणाचीच नव्हती. नवे तिकीट काढून ते विमानतळावरून थेट स्टेडियमपाशी पोहोचले तेव्हा कार्यक्रम निम्मा झाला होता आणि सामान घेऊन आत सोडेनात. शेवटी बायको आत गेली आणि नवरा दोन बॅगा पायाशी घेऊन बाहेर बाकावर बसून आतून येणारा आवाज ऐकत राहिला. परत आल्यावर त्यांनी मला हे हसत हसत सांगितले, पण ते हसू मला काही बरे दिसले नाही. तेव्हापासून कॉन्सर्टला जाणाऱ्यांना मी जाताना थेट विमानच घ्यायला सांगतो. पैसे वाचवायचेच असतील तर येताना वाचवावेत. येताना चार तास उशीर झाला तर फार तर झोपमोड होते.

रजा कोणत्या दिवशीची मिळते हे तुमच्या साहेबांच्या हाती आहे, याची मला कल्पना आहे. सोमवारचीच मिळत असेल तर शुक्रवारी रात्रीच्या थेट विमानाने जाता येते. पण मग शनिवारी स्थलदर्शन पूर्णपणे सोडून द्यावे आणि दुपार झोपेसाठी राखावी. हेच तुम्ही दुबईच्या कोका-कोला अरीनातल्या कार्यक्रमाबद्दल विचारले असते तर माझे उत्तर वेगळे असते. तिथे जायला तीन तासांच्या आसपास लागतात, घड्याळ दीड तास मागे जाते, त्यामुळे शुक्रवारी रात्री निघूनही माणूस बऱ्यापैकी झोपतो. सिंगापूर पूर्वेला आहे आणि पूर्वेकडचा प्रवास झोप खातो, एवढे ध्यानात ठेवावे.

आता तिकिटांविषयी. हा भाग लिहिताना मी थोडा अडखळतो आहे, कारण तिकिटे मिळाल्याचा आनंद तुमच्या प्रश्नात स्पष्ट दिसतो. उभे राहण्याच्या विभागात खुर्ची नसते. कार्यक्रम सातचा असेल तर दारे त्याच्या दोन-तीन तास आधी उघडतात. पुढची जागा हवी असणारे त्याच्याही आधी रांगेत असतात. मुख्य कलाकाराच्या आधी बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी गाणे होते. आणि संपल्यावर बाहेर पडून स्टेशनपर्यंत पोहोचायला आणखी तास जातो. सगळे मिळून सहा ते सात तास पायांवर. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना मी तिथे नेणार नाही. तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच परत विकण्याची किंवा दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय आहे का, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेले असते. ते आजच पाहा. असेल तर दोन्ही तिकिटे द्या आणि वरच्या टप्प्यातल्या, लांबच्या का होईना, पण बसण्याच्या जागा घ्या. तिथून कलाकार बोटाएवढा दिसेल, पण पडद्यावर दिसेल आणि आईंना पाठ टेकता येईल. अनोळखी माणसाकडून समाजमाध्यमांवर तिकीट मात्र घेऊ नका. एकच तिकीट तीन जणांना विकल्याचे माझ्या पाहण्यात आहे आणि दारावरचे यंत्र त्यातल्या पहिल्यालाच आत सोडते.

बसण्याच्या जागा मिळाल्याच नाहीत, तर आईंना सरळ विचारा की त्यांना कॉन्सर्टला यायचे आहे, की तुमच्याबरोबर सिंगापूरला यायचे आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक आया “तू म्हणशील तसं” असे म्हणून गप्प बसतात आणि मुले त्याचा अर्थ होकार असा लावतात. आईंना गाण्यात रस नसेल तर त्यांचे तिकीट एखाद्या मैत्रिणीला द्या, तिघी मिळून जा आणि त्या संध्याकाळी आईंना मुक्कामीच निवांत राहू द्या. पहिल्याच परदेश प्रवासात त्यांना रात्री एकटीने शहरात फिरायला सांगणे मला योग्य वाटत नाही, मग ते शहर कितीही सुरक्षित असो.

तिकिटावर नाव कोणत्या वास्तूचे आहे, तेही एकदा नीट वाचा. नॅशनल स्टेडियम २०१४ साली उघडले, त्यात सुमारे ५५,००० लोक बसतात. त्याला लागूनच १९८९ सालचे इनडोअर स्टेडियम आहे, ते साधारण १२,००० लोकांचे. दोन्ही कलांग भागात एकाच आवारात आहेत, पण दारे वेगळी आहेत. नॅशनल स्टेडियमचे छत सरकते आहे, त्यामुळे तिथल्या दुपारच्या नेहमीच्या सरींची चिंता कार्यक्रमापुरती तरी करायला नको; स्टेडियमपर्यंत चालत जाताना मात्र छत्री लागते. आणि मोठी पिशवी नेऊ नका. आत काय नेता येते याचे नियम कडक असतात आणि ते खरोखर पाळले जातात. तिकीट मोबाइलमध्ये असते, तेव्हा बॅटरी दुपारी मुक्कामावरच पूर्ण भरून घ्या.

यानंतर येते राहण्याची जागा, आणि इथे मी माझ्या पद्धतीने उलटीकडून विचार करतो. बहुतेक लोक पाहायच्या ठिकाणांजवळ हॉटेल शोधतात. मी कार्यक्रम संपल्यानंतरच्या तासाभराचा विचार करून शोधतो. नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियममधला सामना किंवा कार्यक्रम संपल्यावर स्टेशनवर काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. कलांगला स्टेडियमच्या दारातच मेट्रोच्या सर्कल लाइनचे स्टेशन आहे आणि त्याचे नावच स्टेडियम आहे. साहजिकच सगळी गर्दी तिथे लोटते. गर्दी शिस्तीची असते, ढकलाढकली होत नाही, पण रांग लांबलचक असते. त्याऐवजी पंधरा-वीस मिनिटे चालून ईस्ट-वेस्ट लाइनच्या कलांग स्टेशनवर जावे. वाटेत बरोबर चालणारे लोक असतातच, रस्ता उजळलेला असतो आणि तिथून बुगिस अवघे दुसरे स्टेशन आहे. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या साधारण मध्यरात्रीच्या सुमारास जातात, म्हणून कार्यक्रमानंतर बाहेर खात-पीत रेंगाळू नये. त्या वेळी टॅक्सी मागवणाऱ्या ॲपवरचे भाडे किती चढते, ते एकदा पाहिलेत की चालणे गोड वाटेल.

म्हणूनच राहायला मी बुगिस किंवा त्याच्या शेजारचे लॅव्हेंडर सुचवीन. बुगिस म्हणजे तिथले दादर समजा. दोन मार्ग तिथे एकमेकांना मिळतात. ईस्ट-वेस्ट लाइनने एका बाजूला कलांग आणि पुढे तानाह मेराहला गाडी बदलून चांगी विमानतळ. डाउनटाउन लाइनने एका दिशेला दुसऱ्याच स्टेशनवर बेफ्रंट, म्हणजे गार्डन्स बाय द बे, आणि दुसऱ्या दिशेला लिटल इंडिया व पुढे बोटॅनिक गार्डन्स. तुमच्या यादीतली आणि माझ्या यादीतली बहुतेक ठिकाणे गाडी न बदलता येतात. गुडघे दुखत असलेल्या माणसाला स्टेशनातले बदल जितके कमी तितके बरे. सरकते जिने आणि लिफ्ट सगळीकडे आहेत, पण बदलाच्या स्टेशनात चालणे पुष्कळ असते. वेगळे तिकीट काढावे लागत नाही. आपले व्हिसा किंवा मास्टरकार्डचे कार्ड दारावर टेकवले की चालते, फक्त दोघींना दोन वेगळी कार्डे लागतात आणि परदेशी कार्डावर रोजचे थोडे जादा शुल्क पडते.

आता प्रत्यक्ष दिवसांकडे येऊ. गुरुवारी संध्याकाळी मुलुंडहून निघताना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर विश्वास ठेवू नका. साडेअकराचे विमान असेल तर साडेआठला विमानतळावर असायला हवे, म्हणून आईंनी बॅगांसह साडेसहालाच घरून निघावे. तुमचे ऑफिस बीकेसीत असेल तर तुम्ही परस्पर मेट्रो तीनने टी-टूच्या स्टेशनवर उतरा. दोघींनी एकाच गाडीने जायचा अट्टहास नको.

शुक्रवारी सकाळी पोहोचल्यावर खोली लगेच मिळेल असे धरून चालू नका. तिथे खोली साधारण दुपारी दोन-तीनला देतात. बॅगा हॉटेलात ठेवून घेतात, पैसे मागत नाहीत. खोली लवकर द्या अशी विनंती मात्र आधी लेखी करून ठेवा आणि बरोबर वयस्कर आई आहे हेही लिहा. कित्येकदा दुपारी बारापर्यंत काम होते. तोपर्यंत लिटल इंडियात जा. सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे, तिथे डोसा-कॉफी घ्या. परदेशातल्या पहिल्या सकाळी आईंच्या पोटात ओळखीचे काहीतरी पडलेले बरे असते; पुढचे दोन दिवस त्या नवे पदार्थ अधिक धीराने खातात, असा माझा अनुभव आहे. जवळच वीरमाकालीअम्मन मंदिर आहे. मग खोलीवर येऊन दोन-तीन तास झोपा. खिडकीबाहेर सिंगापूर आहे म्हणून जागे राहू नका.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. तिथल्या सुपरट्री, म्हणजे २५ ते ५० मीटर उंचीच्या लोखंडी झाडांवर रोज पावणेआठ आणि पावणेनऊला दिव्यांचा आणि संगीताचा खेळ होतो आणि तो फुकट असतो. लोक उभे राहून मान वर करून पाहतात. तुम्ही अर्धा तास आधी जा, आईंना कठड्यावर टेकायला जागा मिळेल. पुष्कळ जण सरळ जमिनीवर आडवे होऊन पाहतात, तुम्हालाही लाजायचे कारण नाही. दिवसा पैसे देऊन पाहायचा क्लाउड फॉरेस्टही तिथेच आहे. आत ३५ मीटरचा धबधबा आहे आणि हवा थंडगार आहे. वेळ असेल तर साडेपाचला तिथे शिरून मग सुपरट्रीकडे यावे.

शनिवारी सकाळी बोटॅनिक गार्डन्स. हे माझे लाडके ठिकाण आहे, पण कोणत्याही सहलीच्या पत्रकात त्याला पहिली जागा मिळत नाही. १८५९ सालची बाग, २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत, पहाटे पाचला उघडते आणि प्रवेश फुकट. फक्त आतल्या ऑर्किड उद्यानाचे पैसे पडतात. सातच्या सुमारास गेलात तर तिथली माणसे फिरताना, हातपाय हलवताना दिसतील. आपल्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची सकाळ आठवते, फक्त इथे जुने वृक्ष अधिक आहेत. दहाच्या आत बाहेर पडा, कारण त्यानंतर दमट ऊन चढते. दुपारी पोटभर जेवा आणि पुन्हा झोपा. स्टेडियमकडे निघेपर्यंत दुसरे काहीही नको. शनिवारी एवढेच.

जेवणासाठी एखाद्या हॉकर सेंटरमध्ये जरूर जा. ही तिथली झाकलेली खाऊगल्लीच, आणि २०२० साली तिची संस्कृती युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून नोंदवली आहे. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवलेले दिसले तर तिथे बसू नका. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो, तशीच ती धरलेली असते. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवायचा असतो; तसा नियमच आहे. शाकाहारी असाल तर भारतीय किंवा ‘व्हेजिटेरियन’ अशी पाटी असलेले गाळे शोधा, बाकी ठिकाणी मांसाच्या रश्श्याचा प्रश्न येतो.

रविवारी उशिरा उठा. हॉटेल सोडून बॅगा तिथेच ठेवा आणि सेंटोसा बेटावर जा. हार्बरफ्रंटहून केबल कार जाते, आईंना ती आवडेल. इथे एक सांगितले पाहिजे. तुमच्या यादीत मर्लायन नेमका कोणता आहे हे मला कळले नाही. सेंटोसावर पूर्वी जो उंच मर्लायन होता, ज्याच्या पोटातून वर जाता येत असे, तो २०१९ मध्ये बंद करून पाडला. मरीना बेच्या काठावरचा, तोंडातून पाणी सोडणारा मर्लायन आहे, तो शुक्रवारी संध्याकाळीही पाहता येईल. नातेवाइकांनी दिलेल्या याद्या बहुधा त्यांच्या स्वतःच्या सहलीच्या वर्षाच्या असतात. जुरोंग बर्ड पार्क अजूनही अनेकांच्या यादीत असते, पण तेही २०२३ च्या आरंभी बंद झाले आणि पक्षी शहराच्या उत्तरेकडच्या मंडाई नावाच्या भागात हलवले गेले.

युनिव्हर्सल स्टुडिओज या खेपेला वगळा. तिकीट महाग आहे, दिवस पूर्ण जातो आणि रविवारच्या रांगा असतात. आईंच्या वाट्याला त्यातले बाकच येतील. नाइट सफारी खरोखर पाहण्यासारखी आहे, पण ती उत्तरेला मंडाईला आहे, तिथून परतायला रात्रीचे अकरा-साडेअकरा होतात आणि तुमच्या तीन दिवसांत अशी रिकामी रात्र नाही. मलेशियाचा विचार तर सोडूनच द्या. जोहोर बाहरूला जोडणारा वुडलँड्सचा पूल जेमतेम किलोमीटरभराचा आहे, पण शनिवार-रविवारी तिथे जी रांग लागते तिला लांबीचे कारण लागत नाही. शिवाय मलेशियाचे प्रवेशाचे नियम वेगळे पाळावे लागतात, आणि एक शिक्का मिळवण्यासाठी अर्धा दिवस द्यायचा, हे मला पटत नाही.

शिक्क्यावरून आठवले. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांना पासपोर्टवरच्या शिक्क्याची फार हौस असते. सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, राहण्याच्या परवानगीचा पास ईमेलने येतो. आईंना हे आधीच सांगून ठेवा. मुंबईहून निघताना आपल्या अधिकाऱ्याने मारलेला शिक्का हाच त्यांचा पहिला शिक्का असेल, तेव्हा त्याकडेच जरा कौतुकाने पाहावे.

रविवारी दुपारी चांगीला लवकर जा. टर्मिनल एकला लागून ज्युएल नावाची काचेची इमारत आहे, तिच्या मध्यभागी ४० मीटर उंचीवरून पाणी कोसळते. ती सुरक्षा तपासणीच्या बाहेर आहे, म्हणून आधी पाहून मग आत जावे. येताना अडीच तास परत मिळतात. रात्री आठला उडालात तर आपल्या घड्याळात साडेपाचच वाजलेले असतात आणि अकराच्या सुमारास तुम्ही सहारला उतरता. सोमवारी ऑफिसात डोळे जड असतील, पण जाता येईल.

व्हिसाचा क्रम चुकवू नका. सिंगापूरसाठी आपल्याला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटांमार्फत काढतात. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, अधिक एजंटाचे. ते शुल्क नाकारले गेल्यावरही परत मिळत नाही. पासपोर्ट प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा, फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा हवा. प्रवासाच्या महिनाभर आधी अर्ज द्या. तोवर हॉटेल असे घ्या की जे पैसे न कापता रद्द करता येईल, कारण कॉन्सर्टच्या आठवड्यात दर चढतात आणि थांबलात तर खोल्याच उरत नाहीत. विमानाचे तिकीट व्हिसानंतर काढावे की आधी, हे दरावर अवलंबून आहे. मी स्वतः आईंसारख्या साध्या प्रकरणात ते आधी काढतो, पण थोडे जास्त पैसे देऊन बदलता येणारे घेतो. पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येत असल्याची माहिती देणारा अर्ज, ऑनलाइन भरायचे असते, ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळे आहेत, ती टाळा.

प्रवास विमा घ्या, पण तो कशासाठी आहे ते समजून घ्या. तो दवाखान्यासाठी आणि हरवलेल्या बॅगेसाठी आहे. कार्यक्रमच रद्द झाला तर आयोजक तिकिटाचे पैसे देतात, विमानाचे आणि हॉटेलचे कोणी देत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नातले टेलर स्विफ्टचे तिन्ही कार्यक्रम सुरक्षेच्या कारणावरून ऐन वेळी रद्द झाले, तेव्हा जगभरातून आलेले लोक शहरातच होते. अशा वेळी ज्यांनी शहर पाहण्याचाही बेत केलेला असतो त्यांचा प्रवास पूर्ण वाया जात नाही. कॉन्सर्टला स्थलदर्शन जोडावे असे मी म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटी बॅगेबद्दल, कारण बॅग बहुधा आई भरतील. सिंगापुरात खसखस नेता येत नाही. ती अमली पदार्थांच्या नियमाखाली येते. काही वर्षांपूर्वी एक काकू प्रवासाच्या आदल्या दिवशी कागदपत्रे न्यायला माझ्याकडे आल्या, तेव्हा मुलीच्या मैत्रिणीसाठी घेतलेला अनारशांचा डबा त्यांच्या पिशवीत होता. मी अडवले, तर त्यांनी तिथेच खुर्चीत बसून एकेका अनारशावरची खसखस नखाने खरवडायला सुरुवात केली. दोन अनारसे झाल्यावर त्यांनाच हसू आले, आणि उरलेले आम्ही ऑफिसात चहाबरोबर संपवले. गरम मसाल्याच्या घरगुती पुड्यांतही खसखस असते, तेवढे आईंना विचारा. च्युइंगगम, खाण्याची तंबाखू आणि ई-सिगारेटही चालत नाहीत. आईंची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा; झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध असेल तर आधी परवानगी लागू शकते, म्हणून औषधांची नावे मला कळवलीत तर पाहून सांगेन. आणि तिकिटे बदलून बसण्याच्या जागा मिळाल्या तर त्यावरचा प्रवेशद्वाराचा क्रमांकही लिहा, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर कोणत्या बाजूने बाहेर पडून कलांग स्टेशन गाठायचे ते आईंच्या चालीने सांगता येईल.